भास्कराचार्य आणि त्रैराशिकाचा विवेक

एक धोतर उन्हात वाळावयास दोन तास लागत असतील, तर पाच धोतरे वाळावयास किती तास लागतील, असा प्रश्न वर्गात विचारला की निम्म्याहून अधिक हात तत्काळ वर होतात आणि दहा तास हे उत्तर आत्मविश्वासाने मिळते. हे उत्तर देणारी मुले मंदबुद्धीची नसतात. त्यांना गुणाकार येतो, भागाकार येतो, पुस्तकातील गुणोत्तर व प्रमाण हा धडाही त्यांनी गिरविलेला असतो. तीन संख्या दिलेल्या आहेत आणि चौथी विचारली आहे, एवढे दिसताच त्यांचा हात सवयीने चालू लागतो. या दोन राशींचा परस्परांशी काही संबंध आहे काय, आणि असलाच तर तो कोणत्या प्रकारचा, हा विचार करण्याचे कोणी त्यांना शिकविलेलेच नसते.

मागच्या पिढीतील शिक्षक या प्रकारच्या गणिताला त्रैराशिक म्हणत. आजच्या पाठ्यपुस्तकांतून हा शब्द फारसा आढळत नाही. त्याची जागा एकमान पद्धत, समप्रमाण, व्यस्तप्रमाण या संज्ञांनी घेतली आहे. शब्द गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु त्या शब्दाबरोबर विचाराची जी एक शिस्त होती, तीही गेली असेल, तर मात्र थांबून पाहिले पाहिजे. त्या शिस्तीचा सर्वांत समर्थ आचार्य सह्याद्रीच्या परिसरात जन्मला आणि त्याच्या नावाने चाललेल्या विद्यापीठाचा पुरावा आजही खानदेशात शिळेवर कोरलेला आहे. म्हणून भास्कराचार्यांचे चरित्र या एका दृष्टीने पुन्हा वाचणे अगत्याचे वाटते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ च्या सुमारास झाला. हे साल आपल्याला अनुमानाने काढावे लागत नाही. स्वतः आचार्यांनीच ते नमूद करून ठेवले आहे, आणि प्राचीन भारतीय ग्रंथकारांच्या बाबतीत हे भाग्य क्वचितच लाभते. गोत्र शांडिल्य, पिता महेश्वर, आणि तोच गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव, असेही ते सांगतात. हे विज्जडविड नेमके कोणते, यावर विद्वानांत एकमत नाही. कोणी ते चाळीसगावजवळील पाटण मानतात, तर कोणी कर्नाटकातील विजापूर. पाटणच्या बाजूने एक पुरावा आहे, त्याचा उल्लेख पुढे येईलच. घराणे मात्र निःसंशय विद्वानांचे होते. पाटणच्या शिलालेखात त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत जी परंपरा दिली आहे, तीत कवी आहेत, शास्त्रज्ञ आहेत, राजाकडून विद्यापती ही पदवी मिळविणारा पूर्वजही आहे. ज्या घरात पोथी आणि पाटी पिढ्यान्‌पिढ्या हातात होती, त्या घरातला हा मुलगा.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. यांपैकी पाटीगणिताचा भाग, म्हणजे लीलावती, सर्वांत लोकप्रिय झाला आणि त्याभोवती एक कथाही गुंफली गेली. लीलावती ही आचार्यांची कन्या. तिच्या विवाहमुहूर्तासाठी मांडलेल्या घटिकापात्रात तिच्या अलंकारातील मोती पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि तिचे दुःख हलके व्हावे म्हणून पित्याने तिच्या नावाने ग्रंथ रचला, अशी ती कथा. ती आपल्याला मिळते अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. कथा गोड आहे, पण तिच्यामुळे ग्रंथाचे खरे वैशिष्ट्य झाकले जाते. ते असे, की हा ग्रंथ शिष्याशी बोलतो. कधी सख्या म्हणून, कधी बाळे म्हणून तो वाचकाला हाक मारतो आणि त्याच्यापुढे बाजारातला, शेतातला, सावकाराच्या पेढीवरला प्रश्न ठेवतो.

त्रैराशिक हा काही भास्कराचार्यांचा शोध नव्हे. आर्यभटाने ४९९ मध्ये आणि ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ही रीत सांगितलेलीच होती. तीन राशींना नावे होती: प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या, फल निराळ्या जातीचे. फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे, म्हणजे इच्छाफल मिळते. भास्कराचार्यांचे पहिले उदाहरण केशराचे आहे. निष्काच्या तीन सप्तमांशात अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांत किती? उत्तर साडेबावन्न पळे. दुसरीकडे व्याजाचे गणित येते: शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळांवर वर्षाला किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. दरसाल दरशेकडा साठ हा व्याजाचा दर पाहून आजच्या कारकुनाचा जीव दडपेल, पण त्याच ओळीत त्या काळाच्या पतपेढीचे वास्तव आहे. येथे मुद्दल आणि मुदत अशा दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात, म्हणून हे पंचराशिक.

येथपर्यंत रीत सरळ आहे. भास्कराचार्यांतील शिक्षक दिसतो तो यानंतर. सरळ रीत शिकवून होताच ते शिष्याला थांबवितात आणि सांगतात की इच्छा वाढली असता फल वाढते तेथेच हे चालेल. जेथे इच्छा वाढली असता फल घटते तेथे व्यस्त त्रैराशिक करावे. आणि अशी स्थळे कोणती, तेही ते मोजून देतात. त्यांतील एक उदाहरण कोणाही खेडुताला पटेल असे आहे. धान्याची एक रास सात आढकांच्या मापाने मोजली तेव्हा शंभर मापे भरली. तीच रास पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती भरतील? माप लहान झाले म्हणून मापांची संख्या वाढणार, उत्तर एकशेचाळीस. रास तीच आहे, बदलले आहे ते माप. नकाशाची मोजपट्टी बदलणे आणि धान्याचे माप बदलणे यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. याच प्रकरणात माणसाच्या वयावरून त्याची किंमत काढण्याचे, सोळा वर्षांची दासी बत्तीस निष्कांना तर वीस वर्षांची कितीला, असे उदाहरणही येते. ते वाचताना आपल्याला लाज वाटते आणि वाटावयासच हवी. थोर बुद्धीही आपल्या काळाच्या बाजारातूनच उदाहरणे उचलते, हे विसरता कामा नये.

परंतु प्रमाणाचा खरा कस लागतो तो आकारमानाच्या प्रश्नांत, आणि लीलावतीतील फळ्यांचे उदाहरण या दृष्टीने आजही प्रत्येक वर्गात फळ्यावर मांडावे इतके मोलाचे आहे. बारा अंगुळे जाड, सोळा अंगुळे रुंद आणि चौदा हात लांब अशा तीस फळ्या शंभर निष्कांना मिळतात. आता जाडी, रुंदी व लांबी या तिन्हींचे आकडे चार चारने कमी केले, म्हणजे आठ अंगुळे, बारा अंगुळे आणि दहा हात, अशा चौदा फळ्या कितीला पडतील? उतावळा विद्यार्थी केवळ फळ्यांची संख्या पाहील आणि तीसला शंभर तर चौदाला सुमारे सेहेचाळीस असे उत्तर देईल. खरे उत्तर आहे सोळा पूर्णांक दोन तृतीयांश. कारण जाडी दोन तृतीयांश झाली, रुंदी तीन चतुर्थांश झाली, लांबी पाच सप्तमांश झाली आणि संख्या सात पंधरांश झाली. या चारही गुणोत्तरांचा गुणाकार एक षष्ठांश होतो. वस्तू थोडी थोडी लहान केली की तिचे घनफळ आणि तिची किंमत किती वेगाने खाली येते, हे याहून स्पष्ट कसे सांगणार? शंभराचा सहावा हिस्सा उरतो, आणि डोळ्यांना मात्र फळी थोडीच लहान दिसते.

छायेच्या प्रकरणातही तीच सावधगिरी आहे. साडेतीन हात उंचीवर दिवा, त्याच्या तळापासून तीन हातांवर बारा अंगुळांचा शंकू. तर शंकूची सावली किती? हात म्हणजे चोवीस अंगुळे, अर्थात शंकू अर्ध्या हाताचा. येथे दिव्याची संपूर्ण उंची धरून प्रमाण मांडले तर चूक होते. दिव्यातून निघालेला किरण शंकूच्या माथ्याला टेकेपर्यंत जेवढा उतरतो, ती उंची घ्यावयाची, म्हणजे साडेतीनातून अर्धा वजा करून तीन हात. तीन हात अंतरात किरण तीन हात उतरतो, म्हणून उरलेला अर्धा हात उतरावयास अर्धा हातच लागतो. सावली बारा अंगुळे. कोणता त्रिकोण कोणत्या त्रिकोणाशी समरूप आहे हे आधी ओळखावे, मग आकडे मांडावे, हा यातला धडा. याच छायाप्रकरणाच्या शेवटी आचार्य म्हणतात की नारायणाने जसे हे विश्व व्यापले आहे, तसे सर्व गणित त्रैराशिकाने व्यापले आहे.

शंकूच्या सावलीवरून अक्षांश काढता येतात, आणि अक्षांशांवरून पृथ्वीचा परीघ. गोलाध्यायात ही युक्ती आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरांतले अंतर योजनांत मोजावे, त्यांच्या अक्षांशांतील फरक काढावा, आणि एवढ्या अंशांना एवढी योजने तर तीनशे साठ अंशांना किती, असे त्रैराशिक करावे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर आहे असे ते मानतात. म्हणून ते अंतर सोळाने गुणले की पृथ्वीचा परीघ हाती येतो. आधुनिक मोजणीप्रमाणे उज्जयिनीचे अक्षांश तेवीसहून किंचित अधिक भरतात, पण युक्तीत काही उणे नाही. अलेक्झांड्रियात एराटोस्थेनीसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्श्यावरून पृथ्वी मोजली, ती याच जातीच्या विचाराने. भास्कराचार्यांनी परीघ ४९६७ योजने दिला आणि व्यास १५८१ पूर्णांक एक चोविसांश योजने. या दोहोंचे गुणोत्तर ३.१४१६ येते.

आता ज्या प्रसंगासाठी हे चरित्र सांगावयाचे, तो येथे आहे. पृथ्वीचे पृष्ठफळ किती, हा प्रश्न पुढे आला. भास्कराचार्यांच्या आधी लल्ल या मोठ्या ज्योतिष्याने रीत दिली होती की वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले म्हणजे गोलाचे पृष्ठफळ मिळते. लल्लाचा अधिकार मोठा होता. त्याच्या ग्रंथाचा भास्कराचार्यांवर ठसा होता आणि त्यावर त्यांनी विवरणही लिहिले. तरीही ही रीत त्यांनी खोडून काढली, आणि ती कशाने, तर एका कापडाच्या तुकड्याने. गोलाच्या परिघाच्या निम्म्याइतका ज्याचा व्यास आहे असे वर्तुळाकार कापड कापावे आणि अर्ध्या गोलावर पांघरावे. अर्धा गोल झाकून कापड उरते. या कापडाचे क्षेत्रफळ गोलाच्या मध्यवर्तुळाच्या सुमारे अडीचपट असते. म्हणजे दोन्ही अर्धे मिळून पृष्ठफळ मध्यवर्तुळाच्या पाचपटीहून अधिक असूच शकत नाही. मग परिघाने, म्हणजे हजारो योजनांनी, गुणावयाचे ते कशाला?

यानंतर ते गोलावर आवळ्याच्या रेघांप्रमाणे विभाग पाडून दाखवितात की पृष्ठफळ मध्यवर्तुळाच्या नेमके चौपट, म्हणजेच परीघ गुणिले व्यास, एवढे असते. त्यांच्या आकड्यांप्रमाणे ते ७८,५३,०३४ वर्ग योजने येते. लल्लाची रीत याच आकड्यांना लावली असती तर उत्तर नऊशे पंच्याहत्तर कोटींच्या घरात गेले असते. आपल्या भाषेत हा दोष असा मांडता येईल. लल्लाच्या रीतीत क्षेत्रफळाला पुन्हा एका लांबीने गुणले आहे, म्हणून जे येते ते क्षेत्रफळ नव्हेच. योजनांऐवजी क्रोशांत मोजले, एका योजनेस चार क्रोश, तर खऱ्या पृष्ठफळाचा आकडा सोळापट झाला पाहिजे. लल्लाचा मात्र चौसष्टपट होतो. माप बदलताच ज्या रीतीचे उत्तर असे भलतीकडे जाते, ती रीत खरी असू शकत नाही.

म्हणूनच गोलाध्यायात आचार्यांनी त्रैराशिकाची थोरवी पुन्हा गायिली आहे ती एका अटीसह. वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ एवढे वगळून जे काही गणले जाते ते सारे त्रैराशिकच, असा त्यांचा आशय आहे. ही अट वाचताना आपण पुढे सरकतो, पण सारे मर्म तेथेच आहे. बाजू दुप्पट झाली की क्षेत्र दुप्पट होत नाही, चौपट होते. घनफळ आठपट होते. विश्वव्यापी म्हणून ज्या नियमाला त्यांनी गौरविले, त्याची सीमाही त्यांनीच आखून दिली. त्याच ग्रंथाच्या आरंभी ते बजावतात की उपपत्ती न जाणणाऱ्या गणकाला जाणत्यांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही. सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहिले, तेही याच हट्टातून. रीत देऊन भागत नाही, ती का खरी हे सांगितले पाहिजे.

एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगगणिताचा सुटसुटीत ग्रंथ लिहिला. छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्त रचणाऱ्याने म्हातारपणी व्यवहारातल्या गणकाच्या सोयीचे पुस्तक लिहावे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने दरबारी नेऊन पंडितांचा अग्रणी केले. पाटणच्या शिलालेखात त्याला या नगरातून नेले असे म्हटले आहे, आणि विज्जडविड म्हणजे पाटण असे मानणाऱ्यांचा भर यावरच आहे. नातू चंगदेव सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, त्या मठाला दान दिले. हा लेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी यांनी विद्वानांपुढे आणला.

लेखाचा प्रशस्तिभाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील जुन्या मराठीत. कारण तो पंडितांसाठी नसून पेठेतल्या माणसांसाठी होता. विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला जे मिळे, ते मठाला दिले. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांवर प्रत्येकी पळी पळी तेल मठाला दिले. घाण्यामागे एक पळी हा दर ठरवून दिला की घाणे वाढोत वा घटोत, मठाचा वाटा आपोआप ठरतो. त्रैराशिक शिकविणाऱ्या मठाचा दिवा त्रैराशिकानेच तेवत राहावा, हा योग मोठा हृद्य आहे.

पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी टीका लिहिली. जॉन टेलरचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले, तर पुढच्याच वर्षी कोलब्रुकचे प्रसिद्ध झाले. स्वतंत्र भारताने पृथ्वीचे निरीक्षण करणारे दोन उपग्रह १९७९ आणि १९८१ मध्ये सोडले, ते भास्कर याच नावाने. नावे देऊन आपण ऋण मान्य करतो. पण ते फेडण्याची जागा शाळेचा वर्ग ही आहे.

तेथे आज काय दिसते? सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हे मुलांना पाठ असते. त्याच नकाशावर एखादा तलाव बारा चौरस सेंटिमीटर भरला, तर तो सहा चौरस किलोमीटरांचा असे बहुतेक जण सांगतात. तो असतो तीन चौरस किलोमीटरांचा, कारण एक चौरस किलोमीटर नकाशावर चार चौरस सेंटिमीटर व्यापतो. ही चूक परीक्षेत दोन गुणांची असते, पण तीच चूक पुढे जमिनीच्या मोजणीत, पाण्याच्या साठ्यात, औषधाच्या मात्रेत आणि अंदाजपत्रकात उतरते, तेव्हा तिची किंमत कोणी दुसराच मोजतो.

यावर उपाय नवीन पुस्तक हा नव्हे. शिक्षकाने उत्तर विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या दोन राशी परस्परांवर अवलंबून आहेत काय? एक वाढली तर दुसरी वाढते की घटते? आणि मोजावयाची आहे ती लांबी, क्षेत्र की घनफळ? या तिहींची उत्तरे मिळाल्यावाचून कोणी पेन्सिल उचलू नये. धोतराचा प्रश्न पहिल्यावरच निकालात निघेल, धान्याची रास दुसऱ्यावर, आणि नकाशावरचा तलाव तिसऱ्यावर. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका आचार्याने अधिकारी पूर्वसूरीची चूक कापडाच्या तुकड्याने दाखवून दिली. आपल्या मुलांना निदान एवढे तरी शिकवू या, की पुस्तकात छापलेल्या रीतीलाही तसे कापड पांघरून पाहण्याचा त्यांना अधिकार आहे.